शिंकताना लघवी निसटते? सोनोग्राफीत काय बघायचं आणि व्यायाम कसा शिकायचा

मी सांगलीत फिजिओ आहे, बायका येतात कंबरदुखीसाठी आणि निघताना दाराशी थांबून हळूच सांगतात की मॅडम, शिंकलं किंवा हळदीचं पोतं उचललं की जरा ओलं होतं. म्हणून लिहितेय.

आधी एक गोष्ट, सोनोग्राफीनं हे बरं होत नाही, आणि आमच्याकडं शेकायला जे अल्ट्रासाऊंड मशीन असतं ते वेगळं, त्यात चित्र दिसत नाही. बरं करतो तो व्यायाम, म्हणजे लघवीची पिशवी खालून धरून ठेवणारे स्नायू (पेल्व्हिक फ्लोअर) आवळायचे, यालाच केगल म्हणतात; सोनोग्राफी फक्त दाखवते की तुम्ही तो बरोबर करताय का. आणि लघवीत रक्त, जळजळ किंवा पिशवी रिकामी न झाल्यासारखं वाटत असेल तर आधी डॉक्टर, व्यायाम नंतर.

तपासणी दोन प्रकारे होते. खालून करायची असेल तर लघवी करून जायचं, गुडघे वाकवून झोपायचं, प्रोबवर, म्हणजे मशीनच्या हातात धरायच्या भागावर, ग्लोव्ह चढवून तो बाहेरूनच टेकवतात, दुखत नाही. मग खोकायला नाहीतर कुंथायला सांगतात आणि लघवीच्या पिशवीचं तोंड जघनाच्या हाडापासून किती खाली सरकतं ते मोजतात. साधारण 25 मिलिमीटरच्या वर गेलं तर जास्त सैल धरतात, पण नुसत्या आकड्यावर निदान करत नाहीत, खोकल्यावर खरंच निसटते का हेही बघतातच.

दुसरा प्रकार पोटावरून, त्याला पिशवी थोडी भरलेली लागते. व्यायाम शिकायला मला हाच आवडतो, कारण कपडे फारसे काढावे लागत नाहीत आणि बाई मोकळी असते. स्क्रीनवर पिशवी काळी दिसते, तिच्या तळाच्या रेषेवर नजर ठेवायची, बरोबर आवळलं की ती वर उचलते. गर्भलिंगनिदानाच्या 1994 च्या कायद्यामुळं मशीन नोंदणी असलेल्या सेंटरवरच चालतं, म्हणून मी तिथं डॉक्टरांच्या शेजारी उभी राहते.

मागं एक मावशी आल्या, सहा महिने केगल करत होत्या, फरक शून्य. म्हटलं मावशी, आवळा, तर ती रेषा सरळ खाली गेली. "अगं, जोर लावतेय की!" इथंच तर घोळ होता, त्या संडासला बसल्यासारखं कुंथत होत्या. मग सांगितलं, पंगतीत वारा सुटायला लागला तर कसं रोखून धराल, तसं करा, पोट आणि ढुंगण ढिलं, श्वास चालू. चौथ्या वेळी रेषा वर उचलली, बोटाच्या पेराएवढीही नाही, पण वर! त्या स्वतःच म्हणाल्या, "आता कळलं गं."

एकदा ते कळलं की घरी आठ वेळा आवळायचं, दिवसातून तीनदा, कमीत कमी तीन महिने. जमेल तसं धरून ठेवायची वेळ वाढवायची. आणि शिंक किंवा खोकला येणार असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं, घागर उचलतानाही तेच. मधे कंटाळा येतोच, भांडी घासताना करा.

तीन महिन्यांनी परत बघायचं, जमलं तर उभं राहून, कारण झोपून पिशवी कमी खाली येते. तरी फरक नसेल तर टेपचं ऑपरेशन असतं, म्हणजे लघवीच्या नळीखाली आधाराला जाळीची पट्टी बसवतात, त्याचं स्त्रीरोग किंवा युरोलॉजीच्या डॉक्टरांशी बोला. ती टेपही सोनोग्राफीत पांढऱ्या पट्टीसारखी दिसते.

सेंटरला फोन करताना नुसतं सोनोग्राफी म्हणू नका, पेल्व्हिक फ्लोअरची करता का ते विचारा, सगळीकडं करत नाहीत, आणि लघवी भरून यायचं की करून यायचं तेही तेव्हाच विचारून घ्या.