बाणाला नाव द्या : गतीचे नियम समजून घेण्याची माझी रीत

दर जूनला नववीच्या पहिल्या तासाला मी वर्गात कॅरम बोर्ड नेते. पावडर टाकून स्ट्रायकर मारते आणि मुलांना सांगते, आता तो बोर्डाच्या मध्यावर आहे असं समजा. बोट केव्हाच सुटलंय. या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत, ती बाणांनी दाखवा.

जवळजवळ प्रत्येक वहीत पुढच्या दिशेला एक ठसठशीत बाण असतो. हा कशाचा, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "बाई, मारल्याचा जोर."

तो बाण मनापासून पुसता आला की निम्मा धडा समजला. व्याख्या नंतर पाठ करा.

चूक मुलांची नाही, शब्दाची आहे. आपण म्हणतो, बैलात जोर आहे, चेंडूत जोर होता. म्हणजे जोर वस्तूच्या आत साठलेला. भौतिकशास्त्रातलं बल कुठल्याही वस्तूत नसतं, ते दोन वस्तूंच्या मध्ये घडतं. एक ढकलते किंवा ओढते, दुसरी ढकलली किंवा ओढली जाते. धावत्या चेंडूत जे असतं त्याला संवेग म्हणतात : वस्तुमान गुणिले वेग.

म्हणून माझा नियम असा. ज्या वस्तूचा विचार करायचा, त्या एकाच वस्तूभोवती पेन्सिलीने गोल काढा. तिला काय काय टेकलंय ते बघा. मग न टेकता ओढणारी पृथ्वी धरा, जवळ चुंबक असेल तर तोही. प्रत्येक बाणाखाली लिहा : कोणाचं बल, कोणावर. ज्या बाणाला नाव देता येत नाही तो पुसायचा.

आता स्ट्रायकर बघा. पृथ्वी त्याला खाली ओढते, बोर्ड वर उचलून धरतो, आणि घर्षणाने तोच बोर्ड त्याला मागे खेचतो. हवेचा विरोध अगदी किरकोळ. पुढे ढकलणारं कोणीच नाही! मग तो जातो कसा? पहिला नियम हेच सांगतो : चालू असलेली गती टिकायला बल लागत नाही, गती बदलायला लागतं. घरी करून बघा. पावडर पुसून स्ट्रायकर मारा, मग पावडर टाकून तेवढ्याच जोराने मारा. घर्षण कमी झालं की तो लांब जातो. घर्षण शून्यच झालं तर, हा विचार गॅलिलिओने केला होता. न्यूटनने 1687 साली तो नियम म्हणून मांडला.

दुसरा नियम सांगतो : वस्तूवरचं एकूण बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, आणि त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर. तो बघण्यासाठी घरातला वजनकाटा लिफ्टमध्ये न्या. काट्याची तबकडी डोळ्यांसमोर हलताना बघण्यासारखं दुसरं काही नाही. समजा, तुमचं वस्तुमान 50 किलो आहे आणि हिशेबाला सोपं म्हणून गुरुत्व त्वरण, म्हणजे पृथ्वीच्या ओढीने येणारं त्वरण, 10 धरू. पृथ्वी तुम्हाला 500 न्यूटनने (न्यूटन हे बलाचं एकक) खाली ओढते. लिफ्ट उभी असताना काटाही 500 न्यूटनने वर ढकलतो आणि 50 दाखवतो. वर जायला निघताना त्वरण 1 असेल, तर 50 गुणिले 1 म्हणजे 50 न्यूटन जास्तीचं बल हवं. ते काट्याकडूनच येतं, म्हणून तो 55 दाखवतो. मग लिफ्ट एकसारख्या वेगाने वर जात असताना? पुन्हा 50. इथे बहुतेक जण चुकतात. वर जातोय म्हणजे वरचं बल जास्त असणार, असं वाटतं. वेग बदलत नाही, म्हणून दोन्ही बलं सारखीच. वरचा मजला आला, लिफ्ट मंदावू लागली की आकडा 50च्या खाली उतरतो.

याच चित्रात तिसऱ्या नियमाचा सापळाही आहे. तो नियम असा : एक वस्तू दुसरीवर जेवढं बल लावते, तेवढंच उलट दिशेचं बल दुसरी पहिलीवर लावते. पृथ्वी खाली ओढते आणि काटा वर ढकलतो, ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे. दोन्ही बलं तुमच्यावरच आहेत. जोडी शोधायची तर नावं उलटी करा. पृथ्वी तुम्हाला ओढते, तुम्ही पृथ्वीला. काटा तुम्हाला ढकलतो, तुम्ही काट्याला. जोडीतली दोन बलं कधीच एका वस्तूवर नसतात, म्हणून ती एकमेकांना रद्द करत नाहीत.

बैलगाडीचं कोडंही यानेच सुटतं. बैल गाडीला जेवढं ओढतात तेवढंच गाडी बैलांना मागे ओढते, तर गाडी हलते कशी? गोल फक्त गाडीभोवती काढा. पुढे बैलांची ओढ, मागे चाकांना होणारा विरोध. ओढ जास्त झाली की गाडी निघाली. आता गोल बैलांभोवती काढा. त्यांचे खूर जमिनीला मागे रेटतात आणि जमीन बैलांना पुढे रेटते. पावसाळ्यात चिखलात खूर घसरायला लागले की धट्टीकट्टी जोडीसुद्धा जागची हलत नाही, कारण पुढे रेटणारी जमीनच हातची जाते.

आता एक चित्र तुम्ही काढा. एसटीत उभे आहात, काहीही धरलेलं नाही, ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला. "पुढे फेकले गेलो" असं आपण सांगतो. स्वतःभोवती गोल काढा, तळपायाला काय टेकलंय ते बघा, आणि पुढे फेकणाऱ्या बाणाखाली कोणाचं नाव लिहिता येतं का ते शोधा.