रायफलचं काडतूस: डबा न वाचता केलेल्या चुका

जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या एका केळीवाल्या नानांकडे तीनशे पंधरा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप) रायफल आहे, रीतसर परवान्याची. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी काडतुसांचा कातडी पट्टा काढून ओट्यावर ठेवला. मी विचारलं, "नाना, गोळी कुठल्या प्रकारची आहे ही?" ते हसले. "गोयी ती गोयी, भाऊ. लागनी म्हणजे व्हयनं."

इथेच सगळं अडतं. आपण बंदुकीची कंपनी विचारतो, नळीची लांबी विचारतो, आणि काडतुसाचा डबा न वाचता फाडतो. तेही या जिल्ह्यात, जिथे वरणगावला १९६४ पासून काडतुसांचा सरकारी कारखाना आहे आणि निम्म्या पंचक्रोशीचा कुणी ना कुणी नातेवाईक तिथे कामाला होता.

आधी शब्द नीट लावू. काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, बुडाची टोपी, आतली दारू आणि पुढची गोळी, असं सगळं मिळून. बार उडाल्यावर नळीतून जाते ती फक्त गोळी. डब्यावरची 'एफएमजे', 'एसपी', 'एचपी' ही अक्षरं त्या गोळीबद्दलच बोलतात.

पूर्ण कवचाची गोळी म्हणजे 'लष्करी, म्हणून भारी'

ही सर्वांत जुनी समजूत. फुल मेटल जॅकेट (एफएमजे) म्हणजे शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच, नाक बंद. सैन्य ही गोळी वापरतं त्याचं एक मोठं कारण कायद्याचं आहे. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात नाक उघडं ठेवलेली गोळी तयार झाली. अंगात शिरली की ती पसरायची. तिच्यावरूनच 'दमदम गोळी' हा शब्द जगभर गेला, आणि १८९९ च्या हेगच्या जाहीरनाम्यात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत असं ठरलं. तो निर्बंध युद्धापुरता. म्हणूनच परदेशात पोलिसांसाठी आणि घरच्या बचावासाठी कारखान्यातून येणारं काडतूस बहुतेक वेळा पसरणाऱ्या गोळीचं असतं.

कारण साधं आहे: पूर्ण कवचाची गोळी बहुधा आरपार जाते. आपल्या गावठाणात घराला घर लागलेलं. मधे कुठे कुडाची भिंत, कुठे नुसता पत्रा. गोळी पलीकडे गेली तर तिथे शेजाऱ्याची खाट आहे. ही गोळी सरावासाठी ठेवा. (खरं सांगायचं तर मला दाट वस्तीत रायफलचा बचावच पटत नाही. पसरणारी गोळी नेम चुकला तर भिंत तशीच फोडते.)

मऊ नाक आणि पोकळ नाक यांत गल्लत

सॉफ्ट पॉइंटमध्ये (एसपी) टोकाला शिसं उघडं असतं. लक्ष्यावर आदळलं की ते दबतं, कवच मागे सोलत जातं आणि गोळी छत्रीसारखी उघडते. होलो पॉइंटमध्ये (एचपी) टोकाला खळगा असतो. काहींत त्या खळग्यावर प्लॅस्टिकचं टोक बसवतात: हवा कापायला सोपं, आणि आदळल्यावर पाचरीसारखं आत घुसून गोळी उघडतं. बॉन्डेड गोळीत शिसं कवचाला पक्कं चिकटवलेलं असतं, त्यामुळे ती फुटून विखुरत नाही. पूर्ण तांब्याची गोळी तर शिशाशिवायच असते आणि वजन जवळजवळ सगळं राखते.

फसवणूक होते ती मॅच गोळीत. टोकाला बारीक भोक दिसतं म्हणून लोक तिला पसरणारी समजतात. ते भोक बनवण्याच्या पद्धतीमुळे राहतं: कवच बुडाकडून नाकाकडे ओढलेलं असतं. ती नेमबाजीची गोळी आहे, पसरायची तिची हमी कुणी देत नाही.

आणि पसरायला वेग लागतो. अंतर वाढलं किंवा नळी आखूड असली की वेग कमी पडतो, मग महागडी गोळीही साध्या गोळीसारखी वागते.

ग्रेन म्हणजे दारू नव्हे

डब्यावरचा ग्रेनचा आकडा गोळीच्या वजनाचा. ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड, १ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. वजन बदललं की नेम सरकतो. म्हणून काडतूस बदललं की अधिकृत रेंजवर जाऊन पुन्हा नेम तपासायचा. एकाच पेटीत दोन जातींची काडतुसं मिसळू नका. नळीवर कोरलेला बोअर आणि डब्यावरचा बोअर तंतोतंत जुळायलाच हवा. 'बसतंय ना' हा निकष नाही.

बार नीट झाला नाही तर

घोडा पडला आणि काहीच झालं नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा. बार उशिरा उडू शकतो. आवाज नुसता 'फुस्स' झाला तर त्याहून सावध व्हा: गोळी नळीतच अडकलेली असू शकते. दुसरं काडतूस भरू नका. रायफल रिकामी करून परवानाधारक कारागिराकडे न्या. तेच काडतूस रोज भरायचं आणि काढायचं ही सवयही वाईट. गोळी पुंगळीत मागे दबू शकते आणि दाब वाढतो.

आता नानांचा पट्टा. कातड्यात कमावताना वापरलेली रसायनं असतात. पावसाळी दमटपणात त्यांचा पितळेशी संबंध आला की हिरवट थर चढतो. बारा काडतुसांपैकी सातांवर तो होता, दोन काडतुसांची मऊ नाकं चेपून सपाट झाली होती. पट्टा बाहेर नेण्यापुरता. ठेवायचं कारखान्याच्या डब्यात, कुलपात, आणि पत्र्याच्या छपराखाली तर नाहीच. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो.

"मग ही सात विहिरीत टाकू?" नानांनी विचारलं. नको. खरेदीची नोंद परवान्यावर असते. परवाना घेऊन आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विचारा, तिथेच जमा करा आणि पावती घ्या. पुढच्या बाजाराच्या दिवशी नाना गेले. येताना नवा डबा आणला आणि चष्मा लावून आधी त्यावरची अक्षरं वाचली.