चॅट रूम गप्प पडलीय? लोकांना दोष देण्याआधी या चुका टाळा

गोव्यात आता प्रत्येक मंडळाचा, प्रत्येक वाड्याचा कुठला ना कुठला ऑनलाइन ग्रुप आहे आणि त्यातले बरेचसे गप्प आहेत. ॲडमिनला विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "आमच्या लोकांना बोलायलाच नको, सगळे नुसते वाचतात." मला हे अजिबात पटत नाही. हीच माणसं भजन संपल्यावर देवळाच्या आवारात तासभर उभी राहून बोलतात, तालमीनंतर स्कूटरला किक मारतात, परत बंद करतात आणि अजून अर्धा तास गप्पा मारतात. बोलायला त्यांना आवडतं, तुम्ही बांधून दिलेल्या जागेत बोलायचा संकोच वाटतो, कारण जागाच चुकीची बांधलीय. मी मंडळांना, कुळागरवाल्यांना म्हणजे बागायतदारांना, ट्रेकवाल्यांना असे ग्रुप लावून देते, डिस्कॉर्ड किंवा टेलिग्राम या गप्पांच्या ॲपवर, आणि बंद पडलेले ग्रुप परत उठवूनही देते. त्याच त्याच चुका बघून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिल्याच दिवशी वीस-वीस चॅनेल

ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी. चॅनेल म्हणजे ग्रुपच्या आतली एकेका विषयाची वेगळी खोली.

फोंडा तालुक्यातलं एक नाट्यमंडळ, नाव सांगत नाही, कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरणारं. मंडळातल्या एका हौशी मुलाने डिस्कॉर्डवर सर्व्हर, म्हणजे मंडळाची स्वतःची जागा, काढला. सूचना, नियम, ओळख, गप्पा, संहिता, नेपथ्य, प्रकाश, संगीत, वेशभूषा, रंगभूषा, तिकिटं, जुने फोटो, नाट्यगीतं, मीम... असे 23 चॅनेल आणि माणसं तीसच्या आसपास. प्रत्येक चॅनेलमध्ये त्याचाच एक मेसेज, "इथे नेपथ्याबद्दल बोला", "इथे प्रकाशाबद्दल बोला", आणि खाली काही नाही. महिनाभराने मला फोन, ताई कोणी बोलतच नाही.

मी आत जाऊन आधीच्या एका आठवड्याचे मेसेज बघितले तर चक्क चाळीसेक मेसेज होते! म्हणजे लोक बोलत होते. पण ते नऊ चॅनेलमध्ये पसरलेले, त्यामुळे एकाखाली एक, त्याच दिवशी आलेले दोन मेसेज कुठेच दिसत नव्हते. जो उघडेल त्याला रिकामी भिंत. तीस प्रेक्षकांना पाचशे खुर्च्यांच्या मांडवात कुठेही बसू दिलं तर नाटक पडल्यासारखं वाटतं, तेच तीस जण पुढच्या दोन रांगांत बसवले की प्रयोग रंगतो. तसंच आहे हे.

आणि दुसरं नुकसान याहून मोठं. प्रकाशयोजना बघणाऱ्या माणसाला विचारायचं होतं की दुसऱ्या अंकात पायरीवर सावली पडतेय, लाइट सरकवू की पायरी? आता हा प्रश्न प्रकाशमध्ये टाकायचा की नेपथ्यमध्ये? त्याने थोडा विचार केला आणि सरळ दिग्दर्शकाला फोन लावला. प्रश्न सुटला, पण रूममध्ये त्याची खूणसुद्धा उरली नाही. "कुठे विचारू" हा विचार माणसाच्या डोक्यात आला की दहातले आठ जण विचारणं सोडून देतात, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता त्यावर वाद घालत नाही.

आम्ही तीन चॅनेल ठेवले. सूचना, तालीम आणि फाइली. बाकीचे डिलीट केले नाहीत, परवानग्यांमध्ये जाऊन सगळ्यांसाठी चॅनेल बघायची परवानगी काढून टाकली, म्हणजे जुने मेसेज राहतात पण यादीत दिसत नाहीत. मुलगा नाराज झाला, त्याने मेहनत घेतली होती. पण त्याच आठवड्यात पायरीचा विषय परत निघाला तेव्हा एका ज्येष्ठ नटाने लिहिलं, "पायरी हलवू नका, माझी एंट्री तिथूनच आहे", मग नेपथ्यवाला आला, मग कपड्यांचं बघणारी म्हणाली लाइट सरकवलात तर माझ्या साडीचा रंग मरतो, आणि रात्री बारापर्यंत वाद चालला. चांगला वाद. जे गप्प होते त्यांनीही तो वाचला आणि दुसऱ्या दिवशी तालमीत त्यावरच बोलले.

नवीन चॅनेल कधी काढायचा, तर दोन विषय रोज एकमेकांच्या अंगावर यायला लागले आणि लोक स्वतःच कुरकुरायला लागले की मग. तोपर्यंत डिस्कॉर्डमध्ये थ्रेड, म्हणजे चॅनेलच्या आतली एका विषयाची तात्पुरती चर्चा, वापरा, तो गप्प पडला की एक तासापासून एका आठवड्यापर्यंत तुम्ही ठरवाल तेवढ्या वेळाने आपोआप बाजूला जातो, रिकामं खोकं यादीत उरत नाही. टेलिग्रामवर 2022 पासून टॉपिक्सची, म्हणजे ग्रुपचे विषयवार भाग पाडायची, सोय आहे, तर लोक वीस माणसांच्या ग्रुपलाही ती चालू करतात, का तर बटण आहे म्हणून! "पुढे माणसं वाढली की लागेल ना" असं म्हणणाऱ्यांना मी सांगते, पुढे वाढली की पुढे करा, पाच मिनिटांचं काम आहे. आज जागा लहान ठेवा.

दारातच माणसाला अडवणं

हीसुद्धा मला अगदी खटकणारी चूक, आणि हिच्यामुळे नेमके जाणकार लोक जातात.

कुळागरवाल्यांचा एक टेलिग्राम ग्रुप होता, पोफळी, माड, मिरी, केळी असलेले बागायतदार, फोंडा आणि सत्तरीकडचे जास्त. स्पॅमच्या भीतीने ॲडमिनने एक बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, लावला. आत आलात की इंग्रजीत कोडं, एका मिनिटात सोडवलं नाही तर बाहेर. ते सुटलं की नियमांची लांबलचक यादी, मग ओळखीचा फॉर्म, नाव, गाव, किती क्षेत्र, कुठली झाडं. सत्तरीतले एक काका, साठी उलटलेले, पोफळीतलं त्यांना कळतं तेवढं त्या ग्रुपात फार थोड्यांना कळत असेल, दोनदा आत आले आणि दोनदा बाहेर फेकले गेले. त्यांना बॉट वगैरे काय माहीत, त्यांना वाटलं ॲडमिनने काढलं, आणि त्यांनी बाजारात चार जणांना तसं सांगितलं. ते चौघेही आले नाहीत. आता हे ॲडमिनच्या कुठल्या आकडेवारीत दिसणार?

आणि जे आत टिकले त्यांच्यासमोर काय, तर पांढरा पडदा. कारण नवीन मेंबरला जुने मेसेज दिसण्याची सेटिंग बंदच होती. टेलिग्रामच्या ग्रुप सेटिंगमध्ये ती असते, आधी ती चालू करा, बाकी सगळं नंतर. आधीची गप्पाटप्पा दिसली की माणसाला कळतं इथे कुठल्या सुरात बोलतात, कोण ओळखीचं आहे, काय विचारलं तर चालतं.

बॉट काढला, लिंकवर ॲडमिनच्या मंजुरीची अट ठेवली, म्हणजे स्पॅमवाले बाहेरच राहतात आणि खऱ्या माणसाला काही करावं लागत नाही. नियम तीन ओळींत आणले. आणि वरती पिन केलेला मेसेज नियमांचा न ठेवता प्रश्नाचा ठेवला. ही माझी सवय आहे, मी प्रत्येक रूमला असंच करते. पिनच्या जागेवर सगळ्यांची नजर जाते, तिथे नियम कसले लावता, प्रश्न लावा.

पण प्रश्नही कसा? "काही शंका असल्यास विचारा" हा प्रश्न नव्हे. आम्ही पावसाच्या तोंडावर लावला, "बोर्डोची पहिली फवारणी झाली का? नसेल तर कशामुळे अडलीय?" बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशी मारणारं मिश्रण. ज्याच्याकडे पोफळी आहेत त्याच्याकडे याचं उत्तर आहेच, कारण पावसात कोळेरोग आला की कोवळी सुपारी गळते आणि ते कोणालाच नको असतं. पहिली उत्तरं आली ती एकेका ओळीची, चढायला माणूस मिळत नाही, पाऊस उघडत नाही. मग एकाने प्रमाण विचारलं. एक टक्क्याच्या मिश्रणाला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी, हे कोणीतरी लिहिलं. त्याखाली एक जण म्हणाला मोरचुदाच्या पाण्यात चुना ओतायचा, की लगेच दोघे तिघे धावून आले, नाही नाही, चुन्याच्या पाण्यात मोरचुदाचं पाणी ओतायचं आणि ढवळत राहायचं, आणि लोखंडी भांडं घ्यायचं नाही. मग ते सत्तरीचे काका, जे आता परत आले होते, त्यांनी व्हॉइस नोट पाठवली, सुरी बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. दुसरी फवारणी 40 ते 45 दिवसांनी करायची हे आठवण करून द्यायलाही कोणी सांगावं लागलं नाही, त्या सुमाराला लोकांनी आपणहून विषय काढला.

यात ॲडमिनने काय केलं माहितीय? काही नाही, आणि तेच बरोबर केलं. कारण पुढची चूक तीच आहे.

ॲडमिनची घाई

प्रश्न आला की अर्ध्या मिनिटात ॲडमिनचं संपूर्ण उत्तर. मग बाकीच्यांनी काय लिहायचं? थांबा. मी तरी तासभर थांबते आणि तोवर कोणी बोललं नाही तर उत्तर न देता ज्याला माहीत असेल त्याचं नाव घेऊन विचारते, "दादा, तुमच्याकडे गेल्या वर्षी असंच झालं होतं ना?" नाव घेऊन विचारलेल्या प्रश्नाला माणूस सहसा उत्तर देतो.

सगळ्यांना एकदम टॅग करून "कुठे आहात सगळे? ॲक्टिव्ह व्हा!" असं लिहिणं तर ताबडतोब बंद करा. त्याने लोक ग्रुप म्यूट करतात आणि म्यूट केलेला ग्रुप फारसं कोणी परत चालू करत नाही.

म्यूटवरून नोटिफिकेशनचं सांगते. डिस्कॉर्डमध्ये सर्व्हरची डीफॉल्ट नोटिफिकेशन प्रत्येक मेसेजला ठेवता येते किंवा फक्त मेन्शनला, म्हणजे कोणी तुमचं नाव टॅग केलं तरच. लहान रूमला प्रत्येक मेसेजलाच ठेवा, नाहीतर कोणी काही लिहिलं हे बाकीच्यांना कळणारच नाही. पण मग बॉटचा कचरा आत येऊ द्यायचा नाही. हवामानाचा बॉट, बातम्यांचा बॉट, सुविचाराचा बॉट, यांनी पडदा भरतो, बोलणं होत नाही, आणि खऱ्या माणसाचा मेसेज त्यांच्यात बुडतो. सकाळच्या फुलांच्या फोटोंबद्दलही माझं हेच मत आहे.

ठरलेली वेळ नसणं

1988 साली फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी (इंटरनेट रिले चॅट) ही चॅट रूमची जुनी सोय तयार केली, तिथे तुम्ही नसताना झालेलं बोलणं तुम्हाला दिसायचंच नाही. बोलायचं तर त्या वेळी हजर राहायला लागायचं, आणि त्यामुळेच लोक हजर राहायचे. आता सगळं साठून राहतं म्हणून प्रत्येक जण "नंतर बघू" म्हणतो आणि दोन माणसं एकाच वेळी कधी सापडतच नाहीत. म्हणून आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरवा, जेवणं उरकल्यावर साडेनऊ चांगली. एकच विषय, एकच तास. पहिल्या वेळी चार माणसं आली तरी चालवा, पुढच्या आठवड्यात तीच वेळ, बदलायची नाही. गणेश चवथीच्या आणि जत्रेच्या दिवसांत सुट्टी द्या, तेव्हा कोणी येणार नाही. लोकांना हे कंटाळवाणं वाटतं, दोन आठवड्यांत सोडून देतात आणि मग पॉइंट्स आणि लेव्हल देणारा बॉट शोधायला लागतात. तो बॉट लावलात तर मेसेज वाढतील, "हं", "ओके", "हाहा" असे, आणि ज्यांना खरंच काही सांगायचं होतं ते निघून जातील.

भाषेचा नियम. "फक्त शुद्ध मराठी, फक्त देवनागरी" असं आपल्याकडे लावू नका. गोव्यातला माणूस एका वाक्यात मराठी आणि कोकणी दोन्ही बोलतो, टाइप रोमनमध्ये करतो, "कितें जालें रे" असं विचारून पुढचं मराठीत लिहितो. त्याला शुद्धलेखन सुधारून दिलंत की तो परत लिहिणार नाही. माझं मराठीवर प्रेम आहे म्हणूनच सांगते, आधी त्याला बोलू दे. व्हॉइस नोटही बंद करू नका, वयस्कर लोकांचं सगळं ज्ञान त्यातून येतं.

स्लो मोड, म्हणजे प्रत्येकाला दोन मेसेजमध्ये ठरावीक वेळ थांबायला लावणारी सेटिंग, गर्दीसाठी असतो, गप्प रूममध्ये तो चालू असेल तर आत्ताच काढा.

रिॲक्शन, म्हणजे मेसेजवर अंगठा किंवा हसरा चेहरा टाकायची सोय, बंद ठेवू नका. लाजऱ्या माणसाचं पहिलं बोलणं तेच असतं.

खोटी अकाउंट काढून आपणच आपल्याशी गप्पा मारणं, किंवा एआयकडून मेसेज लिहून घेऊन रूम जिवंत दाखवणं, हे मी कोणाला करून देत नाही. कळतं लोकांना, आणि कळल्यावर विश्वास जातो तो जातोच.

वाचणाऱ्यांना हाकलू नका. वेबसाइट कशा वापरल्या जातात याचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी 2006 साली मांडलेला अंदाज असा की ऑनलाइन समूहात साधारण 90 टक्के लोक फक्त वाचतात, 9 टक्के अधूनमधून लिहितात आणि 1 टक्का सतत लिहितो. तंतोतंत धरू नका, पण पन्नास जणांच्या रूममध्ये पाच-सहा जण नियमित बोलत असतील तर तुमची रूम छान चाललीय, उगीच "निष्क्रिय सदस्यांना काढण्यात येईल" अशी धमकी देऊ नका.

रूम तपासायची माझी पद्धत साधी आहे. घरातल्या दुसऱ्या फोनवरून, जो त्या रूममध्ये कधीच नव्हता, लिंक दाबून आत जायचं आणि बघायचं की पहिल्या पडद्यावर शेवटचं माणसाचं बोलणं किती जुनं दिसतं, किती वेळा बोट लावल्यावर पहिला मेसेज लिहिता येतो, आणि आपल्याला सहज उत्तर देता येईल असा एक तरी प्रश्न समोर आहे का. ॲडमिनच्या फोनवरून यातलं काहीच दिसत नाही, त्याला सगळे चॅनेल, सगळी हिस्टरी दिसत असते.

आणि काही रूम हंगामीच असतात. माटोळीच्या, म्हणजे चवथीला गणपतीवर फळं-रानफळं बांधतात त्या चौकटीच्या, सामानासाठी काढलेला ग्रुप चवथीनंतर गप्प पडला तर त्यात बिघाड काही नाही, त्याला वर्षभर जागवत बसू नका. फक्त ॲडमिन लिहू शकतील असं करून ठेवा, कुठलं रानफळ कोणाकडे मिळालं ते सगळं आत राहू दे, आणि पुढच्या श्रावणात परत सगळ्यांना लिहायला उघडा.