फोनवरचा आवाज ओळखताना कान कुठे लावायचा

सख्ख्या बहिणींपैकी कोण बोलतेय ते समोरासमोर चटकन कळतं, फोनवर मात्र फसगत होते. दोष कानाचा नसतो. साधी फोनलाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ (सेकंदाला तितकी कंपनं) एवढाच आवाजाचा पट्टा पाठवते. ‘स’, ‘श’च्या शिट्टीचा बराचसा भाग त्याच्या वर असतो, तो गळतो, आणि बहिणींमधला फरक नेमका तिथे असू शकतो. पुरुषाचा मूळ सूर साधारण १००-१२५ हर्ट्झ, म्हणजे तोही पट्ट्याबाहेरच, पण त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वरच्या सुरांवरून मेंदू तो भरून काढतो.

सुराच्या उंचीवर फार विसंबू नका. रागात ती चढते, गोंगाटातही चढते. ठाणे स्टेशनच्या पुलावरून बोलणारा माणूस घरातल्यापेक्षा वरच्या पट्टीत आणि शब्द ताणून बोलतो. सर्दीत नाकातलं घुमणं बदलतं. त्यापेक्षा सवयींकडे लक्ष द्या: वाक्य संपताना आवाज खाली टाकतो की वर सोडतो, श्वास कुठे घेतो, अडल्यावर ‘अं’ म्हणतो की ‘काय झालं ना’.

सराव असा करा. ओळखीच्या ५ जणांकडून, त्यांना विचारून, एकच वाक्य रेकॉर्ड करून घ्या: “वाशीहून ठाण्याला जायला किती वेळ लागेल?” प्रत्येकाचं दोनदा, वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या खोलीत. हे महत्त्वाचं, कारण एकाच खोलीतलं रेकॉर्डिंग असेल तर कान आवाजाऐवजी पंख्याची घरघर पाठ करतो. मग दुसऱ्या कोणाला तरी क्रम बदलून वाजवायला सांगा. नाव लिहा, शेजारी खात्री १ ते ५ मध्ये. चुकलेली जोडी लागोपाठ ऐका. पाचही जमले की तेच वाक्य कुजबुजत घ्या. कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत, सूरच नाहीसा होतो; उरतं तोंडातलं घुमणं आणि लय. इथे सगळेच जास्त चुकतात, पण कान तयार होतो तो इथेच.

बोलीचा धागा धरताना जपा. ऐरोली-घणसोलीच्या गावठाणात ‘पाणी’चं ‘पानी’, ‘डोळा’चं ‘डोला’ ऐकू आलं तर माणूस आगरी बोलतोय एवढंच कळतं, कोण ते नाही. जी भाषा येत नाही तिच्यातले आवाज वेगळे ओळखणं तर आणखी अवघड.

अनोळखी आवाज स्मृतीतून फार लवकर पुसला जातो. संशोधक फ्रान्सिस मॅकगी यांच्या १९३७ च्या प्रयोगात एक-दोन दिवसांनी ८३ टक्के लोकांनी आवाज बरोबर ओळखला, ५ महिन्यांनी फक्त १३ टक्के. म्हणून धमकीचा फोन आला तर कोणाशीही बोलण्याआधी शब्द जसेच्या तसे लिहा, वेग आणि मागचे आवाजही.

“ओळखलंस का?” असं कोणी विचारलं तर “कोण, सचिनदादा का?” म्हणू नका. नाव आपणच पुरवतो आणि मग कान ते नाव खरं ठरवायला लागतो. आता संगणकाने केलेली नक्कल सूर आणि पोतही उचलते, त्यामुळे पैशांची घाई दिसली की फोन ठेवा, आपल्याकडे जतन केलेल्या नंबरवर उलट फोन लावा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.