बेटाची जोडी लावण्याआधी पिल्लांच्या खाण्याची सोय करा

बेटाची म्हणजे फायटर माशाची अंडी मिळवणं फारसं अवघड नाही. धडधाकट नर, पोट भरलेली मादी आणि उथळ, कोमट पाणी एवढं जमलं की पुढचं मासे बघून घेतात. पैदास फसते ती त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: पिल्लं पोहायला लागली तेव्हा त्यांच्या तोंडात मावेल असं खाणं तयार नव्हतं. म्हणून कामाचा क्रम उलटा धरा. आधी खाणं, मग जागा आणि सगळ्यात शेवटी जोडी.

आधी मोठ्या माशांची जागा

बेटा पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेतो, म्हणून तो छोट्या बरणीत जगतो असा समज आहे. पण त्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून तयार होणारा अमोनिया त्या बरणीतच साठतो, आणि हवेतून श्वास घेता आला म्हणून त्यापासून सुटका होत नाही. एका माशाला किमान २० लिटरची झाकणाची टाकी, स्पंज फिल्टर आणि हीटर द्या. तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस ठेवा. झाकणाला पर्याय नाही, हा मासा उडी मारतो. नवी टाकी पिकायला, म्हणजे अमोनिया आणि त्यापासून बनणारं विषारी नायट्राइट पचवणारे जिवाणू तिच्यात वाढायला, चार ते सहा आठवडे लागतात. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत मासा सोडू नका. पुढे दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर क्लोरीन काढणारं औषध वापरा. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) मात्र तसंच राहतं.

नर-मादी एकत्र फक्त जोडी लावताना. दोन नर कधीच एकत्र ठेवायचे नाहीत.

खाण्याची तयारी

पिल्लांचं पहिलं खाणं म्हणजे इन्फ्युसोरिया, पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव. जोडी लावायच्या आठवडाभर आधी एका बरणीत टाकीतलंच जुनं पाणी घ्या, त्यात लेट्यूसचं एखादं पान किंवा केळ्याच्या सालीचा बोटाएवढा तुकडा टाका आणि बरणी उजेडात ठेवा. पाणी आधी दुधाळ होतं, त्याला वासही येतो. चार-सहा दिवसांनी ते निवळायला लागलं की इन्फ्युसोरिया तयार. दुधाळ असतानाच ओतलं तर पिल्लांच्या टाकीत नुसते जिवाणू जातात आणि पाणी बिघडतं.

सोबत मायक्रोवर्मचा, म्हणजे बारीक कृमींचा, एक डबा लावा. शिजवून गार केलेल्या ओटच्या घट्ट खिरीवर चिमूटभर यीस्ट टाका, जुन्या कल्चरमधला (आधीच कृमी वाढलेल्या खिरीतला) चमचाभर मिसळा आणि झाकणाला बारीक भोकं पाडा. काही दिवसांत कृमी डब्याच्या भिंतीवर चढतात. ते बोटाने पुसून पिल्लांना द्यायचे. आंबूस वास येणं साहजिक आहे, सडका वास आला तर डबा टाकून द्या. दोन डबे ठेवलेले बरे, कारण एक हमखास नको त्या वेळी बिघडतो.

तिसरं आणि खरं वाढीचं खाणं म्हणजे आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवले जीव. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, एअर पंपाची जोरदार हवा, उजेड आणि २६-२८ अंश तापमान असलं की २४ ते ३६ तासांत पिल्लं निघतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतात, नारिंगी पिल्लं तळाशी बसतात. ती नळीने बारीक कापडावर काढा आणि गोड्या पाण्यात धुऊन घ्या.

जोडी

चार महिने ते वर्षभर वयाचे मासे निवडा. दोघांना वेगळं ठेवून दहा-बारा दिवस दिवसातून दोनदा डाफ्निया (पाणपिसवा), आर्टेमिया किंवा डासांच्या अळ्या खाऊ घाला. मादीचं पोट गोल दिसेल, पोटाखाली पांढरा ठिपका दिसेल.

पैदाशीची टाकी ४० लिटरची चालेल, पण पाणी १२ ते १५ सेंटिमीटरच भरा. जास्त खोल असेल तर खाली पडलेली अंडी आणि पिल्लं वर नेताना नर दमतो. तळाला वाळू नको, नाहीतर अंडी तिच्यात हरवतात. तापमान २७-२८ अंश, हवा बंद किंवा अगदी मंद, आणि वर घट्ट झाकण. देशी बदामाचं एक वाळलेलं पान किंवा फोमच्या कपाचा उभा कापलेला अर्धा भाग तरंगत ठेवला की नर त्याखाली बुडबुड्यांचं घरटं बांधतो. मादीला लपायला एका कोपऱ्यात दाट जावा मॉस (शेवाळासारखी पाणवनस्पती) हवंच.

आधी नर सोडा. मादी पारदर्शक बाटलीत किंवा नळकांड्यात घालून दिवसभर त्याला दिसत राहू द्या. घरटं तयार झालं आणि मादीच्या अंगावर उभे पट्टे आले की संध्याकाळी तिला मोकळं करा. आडवे पट्टे म्हणजे ती घाबरलेली आहे; मग थांबा. थोडा पाठलाग, फाटलेले पर हे चालायचंच. अंगावर जखम दिसली किंवा ४८ तासांत काहीच घडलं नाही तर दोघांना वेगळं करा आणि आठवड्याभराने पुन्हा बघा.

नर मादीला वेटोळं घालतो, पांढरे दाणे खाली पडतात, तो ते तोंडाने उचलून घरट्यात बसवतो. हे काही तास चालतं. ते संपल्यावर मादी कोपऱ्यात जाते किंवा नर तिला हुसकावतो. तेव्हा तिला कपाने अलगद काढा. जाळी घरट्याच्या आसपासही नेऊ नका. नराला राखण करायची असते, म्हणून रात्री मंद दिवा ठेवा. पहिलटकर नराने अंडी खाल्ली तर त्याला बाद ठरवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बरेच नर सुधारतात.

पिल्लं

२४ ते ४८ तासांत पिल्लं निघतात आणि शेपूट खाली करून घरट्याला लटकतात. तोवर पोटातला पिवळा बलकच त्यांचं अन्न, बाहेरून काही घालू नका. दोन-तीन दिवसांनी ती आडवी पोहू लागली की नर काढा. त्याच दिवसापासून इन्फ्युसोरिया, थोडं-थोडं, दिवसातून तीन-चार वेळा. दोन दिवसांनी मायक्रोवर्म, आणि साधारण आठवड्याने आर्टेमिया. पोट नारिंगी दिसलं की पिल्लू खातंय हे कळतं.

झाकण आता आणखी महत्त्वाचं. हवेतून श्वास घेण्याचा अवयव पहिल्या काही आठवड्यांत घडतो. वरची हवा गार आणि कोरडी असेल तर पिल्लं मरतात. उरलेलं खाणं एअर पंपाच्या बारीक नळीने रोज ओढून घ्या आणि तेवढंच, त्याच तापमानाचं पाणी थेंब-थेंब सोडा. अंगावर सोनेरी भुकटी दिसते का ते टॉर्च तिरका धरून बघत राहा; तो व्हेल्व्हेट रोग असतो आणि एका टाकीत झपाट्याने पसरतो.

दोन-अडीच महिन्यांत नर एकमेकांचे पर कुरतडायला लागतात. कुरतडणारा दिसेल तो आधी वेगळा करा, मग बाकीचे. एका खेपेत शंभरावर पिल्लं निघू शकतात. त्यांतल्या प्रत्येक नराला स्वतंत्र डबा आणि प्रत्येक डब्याला वारंवार पाणी बदलणं आलं. हा हिशोब जोडी लावायच्या आधीच करा आणि तेवढे डबे नसतील तर अंडी घरट्यात असतानाच त्यांतली काही काढून टाका.