लिहिणं पूर्ण करा, करारनामा नीट वाचा

नव्याने लिहिणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: पुस्तक छापून कसं येईल? मला त्याआधीची आणि त्यानंतरची पायरी जास्त महत्त्वाची वाटते.

आधीची पायरी म्हणजे लिहिणं पूर्ण करणं. अर्धवट कादंबऱ्या पुष्कळांच्या कपाटात असतात, शेवटापर्यंत गेलेली संहिता फार थोड्यांकडे. पहिला खर्डा कच्चाच असणार, तसाच पुरा होऊ द्या. मग काही आठवडे बाजूला ठेवा आणि मोठ्याने वाचा. जीभ अडखळते तिथलं वाक्य नव्याने लिहायचं. ही सवय मला एका संपादकांनी लावली, आजही मी ती सोडलेली नाही.

नोकरी घाईने सोडू नका. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला तो लिहायला बसे, समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिही आणि मग कामावर जाई. १८६७ मध्ये त्याने राजीनामा दिला, तोवर लेखक म्हणून त्याचा चांगला जम बसला होता. हा वेग सगळ्यांना जमणार नाही, पण ठरलेली वेळ जमते. शिवाय दरमहा पगार येत असला, की न पटणाऱ्या करारनाम्याला नकार देता येतो.

करारनाम्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वाधिक नुकसान तिथेच होताना मी पाहिलंय. तुम्ही लिहिलंत की प्रताधिकार (कॉपीराइट) तुमचा. बर्न करार या प्रताधिकाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत तो मिळायला नोंदणीची अट नाही. पण हा एकच एक हक्क नसतो. छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, चित्रपट हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत आणि ते वेगवेगळे देता येतात. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असे शब्द दिसले, तर सही करण्याआधी थांबा. मुदत किती, पुस्तक बाजारात मिळेनासं झालं तर हक्क परत कधी येणार, हे लेखी मागा. रॉयल्टीची, म्हणजे विक्रीतून लेखकाला मिळणाऱ्या वाट्याची, टक्केवारी कशावर मोजणार, हेही विचारा. छापील किमतीवर दहा टक्के आणि प्रकाशकाच्या हाती पडणाऱ्या रकमेवर दहा टक्के यांत मोठा फरक आहे. विक्रेत्याला निम्मी सूट दिली, तर दुसऱ्या हिशेबात तुमची रक्कमही निम्मी होते. विक्रीचा हिशेब वर्षातून किती वेळा मिळेल, हेही करारनाम्यात असू द्या. हे विचारताना संकोच वाटतो, पण चांगल्या प्रकाशकाला त्यात वावगं वाटत नाही.

छपाईचा खर्च लेखकाकडेच मागणाऱ्यांपासून जपून राहा. पुस्तक विकलं जावं ही त्यांची गरजच उरत नाही. स्वतः प्रकाशित करायचं असेल तर जरूर करा, पण संपादन आणि मुद्रितशोधनाचा (प्रूफं तपासण्याचा) खर्च त्यात धरा.

लेखन ‘साभार परत’ येतच राहील. नकारासोबत संपादकाने स्वतःहून दोन ओळी लिहिल्या असतील, तर त्या जपून ठेवा आणि पुढचं लेखन त्याच संपादकाला पाठवा.

पहिलं पुस्तक छपाईला गेलं, की परीक्षणांची वाट पाहत बसू नका, दुसरं सुरू करा. सध्या काय लिहिताय, हे प्रकाशक विचारतोच. तेव्हा त्याच्यासमोर ठेवायला निदान दोन प्रकरणं तयार हवीत.