१६ जीबी रॅम असूनही 'मेमरी कमी'? जावावालं सॉफ्टवेअर चालू होत नसेल तर हे करा

विंडोजवर माइनक्राफ्टचा सर्व्हर किंवा ऑफिसचं एखादं जावावर चालणारं सॉफ्टवेअर चालू केलं की काळ्या खिडकीत 'कुड नॉट रिझर्व्ह इनफ स्पेस फॉर ऑब्जेक्ट हीप' अशी ओळ येते आणि खेळ खल्लास. लगेच रॅम घ्यायला पळू नका, भानगड बऱ्याचदा वेगळीच असते.

जावा (म्हणजे असली सॉफ्टवेअर चालवणारा प्रोग्राम) चालू होतानाच, त्याला सांगितलेली सगळी मेमरी एकसलग राखून ठेवायला बघतं. एसटीत दहा सीट रिकाम्या आहेत पण पाच जणांना शेजारी-शेजारीच बसायचंय, तसं. आणि जावा ३२ बिट असेल तर त्याच्या वाट्याला साधारण २ जीबीच जागा येते, त्यात डीएलएल फाइली (विंडोजच्या आणि सॉफ्टवेअरच्या मदतनीस फाइली) मधेच ठाण मांडून बसलेल्या, म्हणून सलग १.४-१.६ जीबीच्या वर काही मिळत नाही, मग पीसीत रॅम ३२ जीबी का असेना.

तर आधी हेच तपासा. सीएमडी (विंडोजची कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडून जावा, स्पेस, डॅश आणि व्हर्जन टाइप करून एंटर मारा (इंग्रजी अक्षरात हो). शेवटच्या ओळीत '६४-बिट' दिसलं नाही तर जुनं जावा काढून ६४ बिटवालं टाका, सीएमडी बंद करून परत उघडा आणि पुन्हा बघा. बहुतेकांचं काम इथेच होतं.

नाही झालं तर सर्व्हरच्या बॅट फाइलवर (ज्यावर क्लिक करून तो चालू करता ती) राइट क्लिक करून एडिट करा. त्यात एक्सएमएक्सच्या पुढचा आकडा म्हणजे जास्तीत जास्त किती मेमरी. ८ जीबीच्या पीसीवर तिथे ८जी लिहिलं तर विंडोजने काय खायचं? निम्म्यावर आणा. आकड्याला चिकटून जी हवाच, नाहीतर ४ म्हणजे चक्क ४ बाइट समजतं!

आकडा बदलूनही फरक नाही आणि वर 'पिक्ड अप अंडरस्कोर जावा अंडरस्कोर ऑप्शन्स' अशी ओळ दिसतेय? मग एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्समध्ये (विंडोजने सगळ्या सॉफ्टवेअरसाठी जपून ठेवलेल्या सेटिंग्जमध्ये) कुणीतरी त्याच नावाची जुनी सेटिंग टाकून ठेवलीय, ती तुमच्या आकड्याला जुमानत नाही, उडवा.

राहता राहिली पेजफाइल, म्हणजे रॅमला जोड म्हणून विंडोज ड्राइव्हवर ठेवतं ती फाइल. 'पीसी फास्ट करा' छाप व्हिडिओ बघून बरेच जण ती बंद करतात, पण विंडोज मेमरी कबूल करतं ते रॅम आणि पेजफाइल दोन्ही मिळून. सिस्टिम प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, परफॉर्मन्सच्या सेटिंग्ज, परत अ‍ॅडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरीत चेंज, तिथे 'ऑटोमॅटिकली मॅनेज'वर टिक करून रीस्टार्ट मारा. सी ड्राइव्ह गच्च असेल तर मात्र आधी डाउनलोड्स फोल्डर रिकामा करा, पेजफाइलला वाढायला जागा तिथेच लागते.